डोक्याकडचा दगड

१

पास्को बहिणींच्या घरी सकाळ चमच्याच्या आवाजाने व्हायची. थोरली मर्ल आधी उठे, चूल पेटवी, चहा कपांत ओती आणि मग त्याच चमच्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोनदा ठोकी. टक टक. भिंतीपलीकडे मागचा व्हरांडा फळ्या मारून बंद केलेला होता आणि त्या खोलीत धाकटी आयव्ही झोपायची. ती पलंगावरूनच बोटाच्या पेराने उलट दोनदा ठोकायची. म्हणजे, ऐकलं, येते. त्यानंतर ती आरामात लोळत पडायची आणि मर्ल भिंतीकडे बघून म्हणायची, "निवला की मला बोलू नकोस." दोघींनी लग्नं केली नव्हती. आयव्हीला मागण्या आल्या होत्या, मर्लला फारशा आल्या नव्हत्या. या विषयावर काय बोलायचं ते दोघींचं केव्हाच बोलून झालं होतं. आता केस पिकले होते आणि एकमेकींशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

कुरिंडीत तेव्हा माणसांपेक्षा गव्हाची कोठारं मोठी होती. रेल्वे बंद पडलेली, शाळा बंद पडलेली, पत्र्याचा हॉल तेवढा उघडा, कारण त्याची किल्ली क्लॅरी बाउंडीकडे होती. किल्ली होती म्हणूनच तो इतिहास मंडळाचा अध्यक्षही झाला होता. त्याची बायको थेल्मा चिटणीस. पास्को बहिणी म्हणजे उरलेलं मंडळ.

त्या साली राज्याला दीडशे वर्षं होत होती आणि गावोगाव फलक लागत होते. इथे पहिली विहीर, इथे पहिली शाळा. जिथे काहीच पहिलं नव्हतं तिथेही लोक शोधून काढत होते. कुरिंडीकडे जुन्या कबरी होत्या. वसाहतीच्या पहिल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून आणि तापाने गेलेली माणसं, बाउंडींच्या कुरणाच्या टोकाला पुरलेली. लाकडी क्रूस वाळवीने कधीच खाल्ले होते. क्लॅरीने फलकावरचा मजकूर शहरात पाठवून दिला, आणि फलक ओतून आलाही. "येथे पहिले सहा विसावले आहेत."

"पाच आहेत, क्लॅरी," मर्ल म्हणाली. पाचही तिनेच शोधल्या होत्या.

"सहा. माझे आजोबा सांगायचे."

"तुझे आजोबा घोडा विकताना त्याला सहा पाय आहेत असंही सांगायचे," आयव्ही म्हणाली.

थेल्मा हसली, पण क्लॅरी हसला नाही. ओतलेल्या धातूवरचं अक्षर खोडता येत नाही. "सहावी असेलच कुठेतरी. मर्ल, तुझ्या तारा काढ."

त्या तारा वडिलांच्या. कुंपणाच्या तारेचे दोन तुकडे, काटकोनात वाकवलेले. मुठीत सैल धरायच्या आणि चालायचं. खाली पाणी असलं की त्या एकमेकींवर येतात, आणि खाली माणूस असला तरी येतात. शहरातले लोक याला हसतात. कुरिंडीतल्या सगळ्या विहिरी मात्र अशाच लागल्या होत्या, त्यामुळे इथे कुणी हसत नसे.

मर्ल सकाळभर चालली. जूनची थंडी, इकडचा ऐन हिवाळा, गवतावर दव आणि मागे क्लॅरी हात पाठीशी बांधून. तारा सरळच्या सरळ. दुपार व्हायला आली तेव्हा वाकलेल्या निलगिरीखाली त्या जरा जवळ आल्या. मनगटं भरून आली होती. तारा हलल्या की हात हलले, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"लागली ना?" क्लॅरीने विचारलं.

मर्लला पाय दुखत होते, भूक लागली होती, आणि तो फलक हॉलमध्ये भिंतीला टेकून वाट बघत होता. "हं," ती म्हणाली.

२

कबर सापडली की भोवती दगड लावायचे आणि त्यांना चुना द्यायचा, अशी इथली रीत. माप घ्यायला टेप कुणी वापरत नसे. मर्लच्या वडिलांच्या वेळेपासून कुणीतरी तिथे आडवं व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या कडेने दगड मांडायचे. एकच पथ्य होतं. डोक्याकडचा दगड शेवटी ठेवायचा, आणि तोही आडव्या माणसाला हात देऊन उठवल्यावर. का, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं. मुलींनीही विचारलं नव्हतं, कारण ते विचारलेलं खपवून घेणाऱ्यांतले नव्हते.

आडवं होण्याचं काम आयव्हीचं. आधीच्या पाचही कबरी तिच्याच मापाच्या होत्या. ती निलगिरीखाली पाठीवर झोपली, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. क्लॅरी आणि मर्ल दोन बाजूंनी दगड लावत वर आले.

"थंड आहे गं खाली," आयव्ही म्हणाली. "आधीच्यांच्या जागी इतकं नव्हतं."

"सावलीत आहेस म्हणून," मर्ल म्हणाली.

"चहाच्या वेळी माझ्यावर केक ठेवू नका म्हणजे झालं. मी उठून बसेन."

तेवढ्यात थेल्माने गाडीपाशी चहाची हाक दिली. क्लॅरीच्या हातात शेवटचा दगड होता. त्याला गंमत सुचली. त्याने तो आयव्हीच्या डोक्याशी ठेवला, बुटाने दाबला आणि म्हणाला, "तू राहा इथेच. तेवढाच आमच्या वाट्याला चहा जास्त."

थेल्मा हसली आणि मर्लही हसली. हसत हसतच तिघं गाडीकडे गेली आणि थर्मास उघडला. कपात चहा पडेपर्यंत मर्लला पथ्याची आठवण झाली नाही. झाली तेव्हा ती वळली. आयव्ही तशीच पडून होती. डोळे उघडे होते आणि ती फांद्यांकडे नाही तर सरळ वर, कुठेच नसलेल्या कशाकडे तरी बघत होती. मग ती एकटीच उठली, दगड ओलांडून आली आणि कप घेतला.

"कुणी हात दिला नाही मला," घरी येताना ती म्हणाली.

"लहान आहेस का तू?" मर्ल म्हणाली. आयव्ही यावर काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. ती नुसती पाठीवरची माती झटकत राहिली.

३

दुसऱ्या दिवशी मर्लने भिंतीवर चमचा ठोकला. उत्तर आलं, पण उशिरा. तेही उशीच्या उंचीवरून आलं नाही. ते खालून आलं, जमिनीलगतच्या फळीवरून. टक टक.

आयव्ही खाली काही शोधत असेल. सपाता शोधत असेल. मर्लने स्वतःला असं सांगितलं आणि ते पटण्यासारखंही होतं. तिसऱ्या दिवशीही सपाता शोधत असेल असं मात्र सांगता येईना. तिने दार उघडून पाहिलं. आयव्ही पलंगावर होती, पाठीवर सरळ, हात छातीवर. आयुष्यभर ती कुशीवर मुटकुळं करून झोपायची.

"ऊठ की. चहा झालाय."

"उठते. मला आधी हात दे."

मर्लने हात दिला. आयव्ही बारकी बाई, पण तिला उठवताना मर्लच्या पाठीत कळ आली.

मग थेल्माचा फोन आला. "मर्ल, रविवारी चर्चला मी घ्यायला येते. एकटीने एवढं चालू नकोस."

"एकटी कुठे? दोघी आहोत की आम्ही."

"बरं बाई, दोघी," थेल्मा म्हणाली. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना आवाज मऊ करतात तसा तिने केला होता.

रविवारी थेल्मा आली. आयव्ही मागे बसली. थेल्माने आपली मोठी पर्स आणि केकचा डबा मागच्या सीटवर, आयव्हीच्या मांडीवरच टाकला आणि गाडी चालू केली. आयव्हीने डबा उचलून बाजूला ठेवला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "तिच्या लक्षात नसेन मी."

थेल्माने आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाली, "तो डबा सरकतोय बघ सारखा."

मर्लने घरी येऊन बसून विचार केला. थेल्माचं वय झालं होतं. ती किल्ल्या विसरायची, माणसंही विसरू शकते. पण क्लॅरी? चर्चच्या दारात तो म्हणाला होता, "एवढ्या मोठ्या घरात एकटीने किती दिवस काढणार आहेस?" आणि आयव्ही तिथे, त्याच्या कोपराशी, टोपी सारखी करत उभी होती. दोघं एकदम कशी विसरतील? मग चूक आपलीच असेल का? समोर बसून चहा निवू देणारी ही बाई आपल्यालाच दिसते आहे का? तिने हात पुढे करून आयव्हीच्या मनगटाला हात लावला. मनगट होतं, थंड होतं, आणि बाहीच्या शिवणीत चुना होता. दगडांना चुना अजून दिलाच नव्हता.

४

मर्ल रडत बसणाऱ्यांतली नव्हती. ढकलगाडी घेऊन ती दुपारीच कुरणाच्या टोकाला गेली आणि निलगिरीखालचे सगळे दगड उचलून ओढ्यात टाकून आली. डोक्याकडचा आधी काढला. तो निघायला वेळ लागला. एवढ्या थोड्या दिवसांत त्याच्याभोवतीची माती घट्ट बसली होती.

संध्याकाळी आयव्हीने दोनदा वाढून घेतलं. उकडलेलं मटण, बटाटे आणि वर जॅम लावून पाव. तोंड भरलेलं असताना ती क्लॅरीच्या चालण्याची नक्कल करायला उठली आणि मर्ल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या पाण्यात हसणं किती आणि भीती किती हे तिला कळलं नाही. सकाळी टक टक उशीच्या उंचीवरून आलं.

त्यानंतरच्या सकाळी ते पुन्हा खालून आलं.

मर्ल चपला घालून धावतच गेली. दगड होते. सगळेच्या सगळे, ओळीत, आणि आता चुन्याने पांढरेशुभ्र. क्लॅरी बादली आणि कुंचा घेऊन गुडघ्यावर बसला होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "कुणी टवाळांनी सगळे दगड ओढ्यात फेकले होते. काल दिवसभर वेचत होतो. कंबर गेली माझी."

"मी फेकले."

"तू?"

"क्लॅरी, खाली कुणी नाही. तारा हलल्या नव्हत्या. मी उगाच हं म्हटलं. तुला सहा हव्या होत्या म्हणून म्हटलं. आणि तू आयव्ही आत असताना डोक्याकडचा दगड ठेवलास."

क्लॅरी कुंचा धरून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"कोण आयव्ही?" त्याने विचारलं.

मर्लने त्याला खांद्याला धरून हलवलं. "आयव्ही. माझी बहीण. आयव्ही पास्को. हॉलमधल्या नाचाच्या वेळी तुझ्या बुटावर बिअर ओतणारी. आयव्ही इथे झोपली होती, इथे."

तिने बोट दाखवलं, आणि तेच चुकलं. क्लॅरीने तिच्या बोटाच्या टोकाकडे, निलगिरीखाली पाहिलं आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"आयव्ही," तो म्हणाला. "म्हणजे नावही लागलं तुला? तारांवर?" त्याने टोपी काढली. "अगं, पाचांपैकी एकाचंही नाव नाही आपल्याकडे. फलकाखाली पट्टी मोकळीच ठेवली होती मी. आजच ठोकतो. तीनच तर अक्षरं."

"क्लॅरी, नको."

"तुझं नाव सांगतो की मी भाषणात. घाबरतेस काय?"

ती घरी पोचायच्या आत बाउंडींच्या शेडमधून हातोडीचा आवाज यायला लागला. तो मोकळ्या रानावरून स्वच्छ ऐकू येत होता. आयव्ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि प्रत्येक ठोक्याला तिची मान जराशी हलत होती.

"कोण हाक मारतंय मला?" तिने विचारलं.

५

फलक उघडायचा त्या दिवशी मर्ल लोकांच्या खूप आधी आयव्हीला घेऊन निघाली. ऊन नुकतंच गव्हावर आलं होतं. कुंपणावर गुलाबी काकाकुवे ओरडत होते. आयव्ही मर्लच्या मागून चालत होती आणि दवावर एकीच्याच पावलांचा माग उठत होता. मर्लने तो एकदा पाहिला आणि पुन्हा मागे बघायचं नाही असं ठरवलं.

"आडवी हो," ती म्हणाली. "तेव्हा राहिलं ते आता करू. मी आधी दगड काढते, मग हात देते, मग तू ऊठ. मग आपण घरी जाऊ."

"मग चहा?"

"मग चहा."

आयव्ही आत जाऊन झोपली. दगडांची ओळ तिच्या अंगाला अगदी बरोबर बसत होती. मर्लने नखांनी माती उकरून डोक्याकडचा दगड उपसला, लांब फेकला, आणि दोन्ही हात पुढे केले.

आयव्हीने हात दिला. मर्लने ओढला. वजन आलं, ओल्या मातीत रुतलेल्या खांबाला येतं तसं. खांदे जरासे उचलले गेले. पाठीखालचं गवत दिसलं, आणि गवताखाली काहीतरी आणखी होतं, आयव्हीच्या पाठीला धरून वर येणारं. फिकट, निमुळतं काही. बोटं असतील, किंवा निलगिरीच्या मुळ्या असतील.

"मर्ल, सोडू नकोस," आयव्ही म्हणाली. "बघू नकोस तिकडे, पण सोडू नकोस."

"नाही सोडत गं. नाही सोडत, वेडे."

मागे गाडीचं दार वाजलं. "मर्ल?" थेल्माने हाक मारली. "एवढ्या लवकर? आणि एकटीच काय ओढतेस ते?"

कुणी हाक मारली की माणूस बघतो. मर्लने मान वळवली, क्षणभरच. हात मात्र सोडला नव्हता, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिची मूठ घट्ट आवळलेली होती.

"गवत," ती म्हणाली. म्हणता म्हणताच तिला दिसलं की ते खरंच होतं. मुठीत गवताचा जुडगा होता, मुळांसकट, मातीसकट. "गवत वाढलंय फार. लोक यायच्या आधी काढावं म्हटलं."

"तुझ्या डोळ्यांत माती गेली का? पाणी येतंय."

"गेली असेल."

थेल्माने तिला रुमाल दिला. लांब पडलेला दगड क्लॅरीने उचलून जागेवर ठेवला. नंतर तीसएक माणसं जमली, पाद्रीबाबा बोलले, कापड ओढलं. क्लॅरीने भाषणात मर्ल पास्कोचं नाव घेतलं, सहावीला तिचं नाव हिनेच मिळवून दिलं असं सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्लला लाजल्यासारखं झालं. घरून निघताना आपण कशासाठी एवढी घाई केली होती, ते आठवायचा तिने प्रयत्न केला आणि मग चहा आला.

६

पुढच्या जूनमध्ये मंडळाने नेहमीप्रमाणे दगडांना चुना दिला. क्लॅरीची कंबर आता वाकत नव्हती, म्हणून तो उभा राहून सूचना द्यायचा आणि मर्ल गुडघ्यावर बसून ऐकायची नाही. पाच कबरी झाल्या. सहावी तिने शेवटी ठेवली. तिथलं गवत ती अधूनमधून येऊन काढायची, का ते कुणी विचारलं नाही. एकट्या बाईला कशाचा तरी लळा असतो, असं थेल्माचं मत होतं.

घर तिला मोठं व्हायला लागलं होतं. मागची व्हरांड्याची खोली रिकामीच होती. तिथे पलंग का आहे ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तो देऊन टाकायचं ठरवलं की त्या दिवशी ती त्यावरची चादर धुऊन पुन्हा अंथरायची. शेवटी तिने तो विषय सोडून दिला. सकाळी चहा ओतल्यावर चमचा भिंतीवर दोनदा ठोकायची सवय होती. थेंब झटकायला, ती स्वतःशी म्हणायची. मग थोडं थांबायची. थांबायचंही कारण नव्हतं.

सहावीचे कडेचे दगड झाले. डोक्याकडच्या दगडाला हात घालण्यापूर्वी तिने कुंच्याचा दांडा त्यावर आपटून जास्तीचा चुना झटकला. टक टक.

खालून आवाज आला. टक टक.

मर्लचा हात थांबला. अंगावर काटा आला, पण त्याहून आधी, भीती पोचायच्याही आधी, तिच्या छातीत काहीतरी इतकं आनंदाने उसळलं की तिचे डोळे भरून आले. "निवला की मला बोलू नकोस," ती म्हणाली. हे वाक्य कुठून आलं ते तिला कळलं नाही.

"काय म्हणालीस?" क्लॅरीने विचारलं.

"काही नाही."

टक टक. या वेळी जोरात. आणि लगेच पुन्हा, न थांबता.

तिने दगडावर तळहात ठेवला. दगड तिच्या हाताखाली हलत होता. खालून वर, जरासा. तिने पुन्हा पाहिलं आणि मग सगळ्याचा उलगडा झाला, तिला हायसं वाटलं.

"क्लॅरी, हा सुटलाय," ती म्हणाली. "थंडीने माती फुगते ना. मोगरी दे जरा."

क्लॅरीने लाकडी मोगरी पुढे केली. मर्लने दोन्ही हातांनी उचलून मारली. एकदा, दोनदा, मग मोजायची सोडून, दगड जमिनीत पक्का बसेपर्यंत. तिच्या तोंडावर घाम आला. मग ती कान देऊन ऐकत राहिली. रान शांत होतं, कोठारांवर काकाकुवे बसले होते, आणि खालून काहीच येत नव्हतं.

"आता हलायचा नाही," क्लॅरी म्हणाला.

घरी आल्यावर तिने किटली ठेवली. ओतताना चहा बशीत सांडला. ओतून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दोन कप भरले आहेत. दुसरा कुणासाठी भरला, ते आठवत ती बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. आठवलं नाही. ओतून द्यायचं जिवावर आलं, म्हणून पूर्ण निवल्यावर तोही तिनेच प्यायला.